मे महिना, दापोली आणि मामींचा आग्रह: सुट्टीत वजन कसं सांभाळता?

तळजाईकर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर मनावर घेतलं आणि वजन ८४ वरून ७६ वर आणलं. जगावेगळं काही केलं नाही. सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चालणं, रात्रीचा भात बंद करून भाकरी-भाजी, बिनसाखरेचा चहा, आणि ऑफिसातून आल्याआल्या फरसाणाच्या डब्यात हात घालायची सवय मोडली. सध्या काटा ७६ वर अडून बसलाय, पण तो वेगळा विषय.

मे महिन्यात आठ दिवस दापोलीकडे निघालोय. पहिले चार दिवस मुरुडला होमस्टे, पुढचे चार आंजर्ल्याला मामेसासऱ्यांकडे. दीर, जाऊ, नणंद, सगळ्यांची पोरं धरून चौदा माणसं आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर. मामी सुगरण आहेत आणि वाढताना समोरच्याच्या ताटाकडे बघतात, तोंडाकडे नाही.

आत्तापर्यंत सल्ले दोन मिळालेत. बहीण म्हणते, आठ दिवस मनसोक्त खा, आल्यावर आठ दिवस कडक कर. जाऊ म्हणते, आपण ओट्सचा डबा बरोबर नेऊ. पहिलं मला झेपणार नाही आणि दुसरं मामींना. तुम्ही काय करता? खरं सांगा, पुस्तकी नको.

खवचट_पेठकर

मे महिन्यात आंजर्ल्याला जाऊन वजनाची चिंता करणाऱ्या बाई पहिल्यांदाच बघतोय. आम्हीही वजन सांभाळूनच आहोत. वर्षानुवर्षं कमावलेलं, एक किलोसुद्धा हातचं जाऊ दिलेलं नाही.

पोषणवाली

आहारसल्ला हाच माझा व्यवसाय, त्यामुळे मे आणि दिवाळी या दोन मोसमांत हा प्रश्न रोज येतो. आधी ध्येय बदला. सुट्टीत वजन उतरवायचं नाही, आहे तिथे ठेवायचं. उतरवायला गेलात तर तिसऱ्या दिवशी चिडचिड आणि चौथ्या दिवशी "आता बिघडलंच आहे तर" सुरू होतं.

काट्याची भीतीही थोडी कमी करते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. आठ दिवसांत तीन किलो खरीखुरी चरबी चढवायची तर रोजच्या गरजेपेक्षा जवळपास २,९०० जास्त खायला हवं, तेही रोज. म्हणजे स्वतःचं जेवून वर आणखी दीड माणसाचं. मामींनी कितीही जोर लावला तरी अवघड आहे. तरीही परत आल्यावर काटा दोन-अडीच किलो वर दिसू शकतो. भात वाढला की यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, साठतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. त्यात पापड, लोणचं, सुकट यांचं मीठ आणि प्रवासात न झालेलं पोट. हे सगळं आठवडाभरात उतरतं.

खरं वाढतं ते थोडंच, पण चिवट असतं. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक ते तीन आठवडे सुट्टीवर जाणाऱ्यांची वजनं तपासली. सरासरी वाढ होती ३०० ग्रॅमच्या आसपास. मात्र परतून सहा आठवडे झाले तरी ती उतरली नव्हती. अशा दोन-तीन सुट्ट्या, एक दिवाळी आणि लग्नसराई धरली की दहा वर्षांत काय होतं ते आपापल्या जुन्या फोटोंत बघा.

आणि ७६ वर अडलात म्हणता, तर ही सुट्टी तुमच्या कामी येऊ शकते. ऑस्ट्रेलियात नूआला बर्न यांच्या गटाने लठ्ठ पुरुषांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने सलग कमी खाल्लं, दुसऱ्याने दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे शरीराला लागेल तेवढं, असं आलटून पालटून. थांबत थांबत करणाऱ्यांचं वजन जास्त घटलं. पण त्यांचं मधलं खाणं मोजून-मापून दिलेलं होतं, आमरसावर ताव मारणं नव्हे. तुमच्या बहिणीला हे वाचायला देऊ नका, ती सोयीचा अर्थ काढेल.

दोनवेळचा

मी दीक्षितवाला. डॉ. श्रीकांत जिचकारांचं म्हणणं डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरांत नेलं, ते इथे नव्याने सांगायला नको. दिवसातून दोनदा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं. सुट्टीत तर हे घरापेक्षा सोपं जातं. साडेदहाला नाश्ता-जेवण एकत्र, रात्री आठला दुसरं. काय खायचं यावर चर्चा नाही. मधल्या वेळात भजी आली काय, भेळ आली काय, तोंड बंद.

तळजाईकर

चौदा माणसांत साडेदहाचं जेवण साडेबारापर्यंत ढकलतं हो! तोवर पोहे येऊन गेलेले असतात.

गोळ्यावाले_काका

दोनवेळचा, तुम्हाला मानवतं ते चांगलंच आहे, पण वाचणाऱ्यांत मधुमेहीही असतात म्हणून लिहितो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण टाळून किंवा लांबवून चालत नाही, साखर खाली घसरते. घाटात गाडी अडकली, घाम सुटला, हात थरथरायला लागले, तर ते दर वेळी गाडी लागणंच असतं असं नाही. निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी आणि जेवण यांच्या वेळा ठरवून घ्या. मी शर्टाच्या खिशात साखरेच्या पुड्या ठेवतो. बायको हसते. हसू दे.

हर्णैची_लेक

माहेर हर्णै, सासर वारजे. मला या धाग्यावर लिहायलाच हवं, कारण दर मे महिन्यात पुण्याची माणसं आमच्याकडे येऊन स्वतः भलतंच खातात आणि नावं कोकणी जेवणाला ठेवतात.

आमच्या घरी रोज सुरमई फ्राय नसते. सकाळी मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार. नाहीतर घावन. दुपारी बांगड्याचं तिखलं किंवा कालवण आणि भात, मासे नसतील त्या दिवशी कुळथाची पिठी किंवा डाळिंब्यांची उसळ. रात्रीचं जेवण लवकर आणि दुपारपेक्षा कमी. ओला नारळ असतो, पण तो आमटीला चव येईपुरता. पर्यटकांच्या थाळीत मात्र तळलेला मासा, चिकन, वडे, भात, सोलकढी आणि वर दोन मोदक, म्हणजे आमचे चार सण एकाच ताटात. दुपारी तेच आणि रात्रीही तेच. मग कोकणाने वजन वाढवलं म्हणायचं!

माझा एकच नियम आहे आणि पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तो ऐकवते. जे पुण्यात मिळतं, ते कोकणात खायचं नाही.

आता तुमच्या ट्रॅव्हलरमध्ये काय भरलेलं असेल ते सांगू? भडंग, बाकरवडी, श्रूजबेरी, वेफर्सची मोठी पाकिटं, चुलत नणंदेने केलेला केक. चांदणी चौक ओलांडायच्या आत पहिलं पाकीट फुटतं. ताम्हिणीत थांबून वडापाव आणि चहा. माणगावला मिसळ, कारण "आता पुढे काही मिळणार नाही". दुपारी मुरुडला पोचेपर्यंत अख्ख्या दिवसाचं खाणं पोटात गेलेलं असतं आणि त्यात कोकणातली एक वस्तू नसते. पुढे चार दिवस पोरांसाठी पास्ता, पावभाजी, पनीर, नूडल्स मागवायचे. पोरं अर्धं टाकतात आणि ते उरलेलं "वाया कशाला घालवायचं" म्हणून आयांच्या पोटात जातं. मोदक बदनाम होतो, पण खरा गुन्हेगार हा पास्ता आहे.

नियम पाळला की बाकीचं आपोआप सोपं होतं. मोदक खा, कोकणातला गरम उकडीचा खा, तूप घालून खा. फक्त जेवणाच्या शेवटी पोट भरल्यावर नको, सुरुवातीला घ्या. आणि त्या वेळी भात कमी करा, कारण मोदकाची पारी तांदळाचीच असते. सारणात ओला नारळ, त्याच्या १०० ग्रॅममध्ये ४०० च्या वर किलोकॅलरी, वर गूळ. म्हणून एक किंवा दोन. पाचाची पैज लावणाऱ्या दिरांशेजारी बसायचं नाही.

आंबा तर उगाच बदनाम. मध्यम हापूसच्या गरात साधारण शंभरेक किलोकॅलरी. एका तळलेल्या पुरीतही जवळपास तेवढ्याच. आता आमरस-पुरीच्या पंगतीत आंबे किती जातात आणि पुऱ्या किती, ते मोजा. आंबा कापून, जेवणातच, पुरीशिवाय. रसात साखर घालणारा माणूस दिसला तर त्याला आंजर्ल्याच्या खाडीत बुडवा.

मासे रोज खा, पण रवा लावून तळलेला एका वेळी एकच तुकडा, बाकी कालवण. एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० किलोकॅलरी आणि रवा तेल किती पितो ते तव्यात बघा. कोकम सरबतात साखर असते, तीही भरपूर. आमसूल भिजवून मीठ-जिरं घातलेलं पाणी मागा. मामी देतील, वर खूश होतील की पुण्याच्या सुनेला माहीत आहे.

खवचट_पेठकर

साखर घातल्याशिवाय आमच्याकडे रस होत नाही. मी आंजर्ल्याला येत नाही.

बफेपीडित

हर्णैच्या ताई, तुमचा नियम आम्हाला केरळात सापडला असता तर! सहल कंपनीबरोबर गेलो होतो. सकाळी हॉटेलचा बुफे, अकराला बसमध्ये चिक्की, दुपारी थाळी, चारला चहा-नाश्ता, रात्री परत बुफे आणि त्यात दोन गोड. माणूस भुकेने खातच नाही तिथे. सगळे पैसे आधीच भरलेत, ते वसूल करायला खातो. माझ्या शेजारचे एक आजोबा रोज कॉर्नफ्लेक्स, इडली, ब्रेड-बटर, ऑम्लेट, पराठा आणि कलिंगड या क्रमाने खायचे आणि मग बसमध्ये झोपायचे. मुन्नारचे चहाचे मळे त्यांनी घरी येऊन फोटोतच पाहिले.

मला उपयोगी पडलं ते असं. आधी रिकाम्या हाताने सगळ्या टेबलांवरून एक चक्कर मारायची, ताट नंतर उचलायचं. ताट हातात असलं की पहिल्या तीन भांड्यांतच भरतं. आणि बसायचं ते बुफेकडे पाठ करून, लांब. तिथे पुट्टू आणि कडला करी होती, म्हणजे काळ्या हरभऱ्याची उसळच. पोटभरीची, प्रथिनं असलेली, दुपारपर्यंत भूक नाही. आमच्या ग्रुपमधले बाकीचे मात्र उपमा कुठाय म्हणून शोधत होते. उपमा! केरळात जाऊन!

तळजाईकर

सगळ्यांचे आभार, हे फारच कामाचं आहे. भडंग आणि केक दोन्ही आमच्या यादीत आहेत, हर्णैची_लेक, तुम्ही कॅमेरा लावलाय का आमच्या घरात?

दोन गोष्टी राहिल्या. मामींचा आग्रह, आणि रात्री दीर मंडळींची गच्चीवरची बैठक. मी घेत नाही, पण बैठकीपुढचे शेंगदाणे-फरसाण दोन तास माझ्याच समोर असतं. नवरा घेतो, आणि वजन त्यालाही कमी करायचंय.

हर्णैची_लेक

आग्रहावर सांगते. पहिल्या वाढपात सगळं अर्धं घ्यायचं आणि मग स्वतःहून मागायचं. "मामी, ते तिखलं अजून थोडं द्या हो." वाढणाऱ्या बाईला आपण मागून घेतल्याचा आनंद असतो, किती घेतलं ते ती मोजत नाही. तुम्ही मात्र एकूण एका वाढपाएवढंच जेवलेल्या असता. "डाएट" हा शब्द चुकूनही काढू नका, पाच बायका तुमच्या तब्येतीवर बोलायला बसतील आणि सहावी लाडू आणेल. आणि जेवण झालं की ताट घेऊन उठा. ताटावर बसून गप्पा मारत राहिलं की भात येतोच.

अर्धा_पेग

गच्चीचं माझ्याकडे सोपवा. ६० मिली व्हिस्कीत साधारण १४० किलोकॅलरी, तीही साध्या पाण्यात किंवा सोड्यात. कोल्ड्रिंक घातलंत तर साखरेचा हिशोब वेगळा. ६५० मिलीच्या बिअरच्या बाटलीत जवळपास ३०० धरा. पण खरा घोळ चकण्याचा. मूठभर शेंगदाणे म्हणजे १७० आणि दोन तासांत मूठ एकच होते असा माणूस मी पाहिलेला नाही. त्यानंतर साडेदहाला "आता जेवू या" म्हणत पूर्ण थाळी. आमच्यात आता जेवण आधी आणि बैठक नंतर असते. पहिल्यांदा सगळ्यांनी शिव्या घातल्या. आता चकणा अर्धाअधिक परत येतो आणि सकाळी समुद्रावर जायला माणसं शुद्धीत असतात. वहिनी, तुम्ही गाण्याच्या भेंड्यांच्या बाजूला बसा, बशीच्या नको.

टेकडीवाला

खाण्यावर एवढं झालं, चालण्यावर कुणी बोलेना. रोज वेताळ टेकडी करणारी माणसं सुट्टीवर गेली की गाडीतून उतरतात ती फोटो काढायला. मुरुड ते कर्दे किनारा सपाट आहे, ओहोटीच्या वेळी वाळू घट्ट असते, चालायला त्याहून चांगली जागा नाही. मेमध्ये सकाळी सहालाच निघा, आठनंतर ऊन भाजतं. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गाडीने जाऊ नका, पायऱ्यांची वाट आहे. सत्तर किलोच्या माणसाचे एका किलोमीटरला ढोबळमानाने पन्नास-साठ किलोकॅलरी जातात, त्यामुळे चाललो म्हणून थाळी फिटली असं समजू नये. सवय मोडत नाही, हा खरा फायदा. परत आल्यावर टेकडी सुटलेली नसते.

खवचट_पेठकर

आमची आजी जेवल्यावर शतपावली घालायची. शंभर पावलं म्हणजे सत्तर मीटर. त्यात मोदकाचं तूपही जिरत नाही.

पोषणवाली

पेठकर, शतपावली कॅलरी जाळायला नसतेच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाललं तर रक्तातली साखर कमी उसळते, कारण चालणारे स्नायू ती वापरतात. आजींचं बरोबर होतं, पावलं तेवढी वाढवा.

प्रवासाच्या दिवसाचंही सांगून ठेवते. वाटेतल्या स्वच्छतागृहांच्या भीतीने बायका पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, म्हणून प्रत्येक थांब्यावर चहा, आणि चह्याबरोबर बिस्किट. पाणी प्या आणि थांबे आधी ठरवून ठेवा. बरोबर दशमी-चटणी, उकडलेली अंडी, भाजलेले चणे, काकडी असं न्या. मिसळ नको म्हणून उपाशी बसलात तर वेफर्सचं पाकीट तुमच्याच मांडीवर रिकामं होईल.

सुईवाली

मी डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन घेते. मलाही मेमध्ये गुहागरला जायचंय. भूक कमीच असते, पण इंजेक्शनचं पेन कसं न्यायचं? आणि थाळी झेपेल का?

पोषणवाली

ही औषधं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात. त्यामुळे तळलेलं आणि भरपेट एकदम खाल्लं की मळमळ, उलटी, नंतर घाटातली वळणं. थोडं थोडं खा, आणि डोसचा दिवस प्रवासाच्या दिवशी येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. बर्फाला थेट चिकटवून नेऊ नका. उघडलेलं पेन बाहेर किती दिवस चालतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, बरोबरच्या कागदावर असतं.

हर्णैची_लेक

आणि होमस्टेच्या फ्रीजमध्ये ठेवताना डब्यात घालून नाव लिहा. आमच्याकडे मे महिन्यात लाईट जाते आणि त्या फ्रीजमध्ये पापलेटंही असतात.

तळजाईकर

शेवटचा प्रश्न. आल्यावर काट्यावर कधी उभं राहायचं? बहिणीच्या कडक आठवड्याचं काय?

पोषणवाली

कडक आठवडा नको. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुमचं नेहमीचं खाणं. काट्यावर चार-पाच दिवसांनी उभ्या राहा, पण राहाच. अमेरिकेत १९९४ साली नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री सुरू झाली, भरपूर वजन उतरवून ते टिकवलेल्या माणसांची नोंद. त्यातले बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. सुट्टीनंतर घाबरून महिनाभर काटा पलंगाखाली सरकवणाऱ्यांचं काय होतं ते मी दर जूनमध्ये बघते.

आणि येताना गाडीत काय भरता ते बघा. आठ दिवसांत नाही वाढत तेवढं नंतरच्या महिन्यात वाढतं, कारण फणसपोळी, आंब्याची साठं, काजू आणि चार पेट्या घरात आलेल्या असतात. आणलंत तर आठवड्याच्या आत वाटून टाका.

तळजाईकर

आत्ताच मामींशी फोनवर बोलले. डाएट शब्द काढला नाही. त्याच म्हणाल्या, मामांना साखर निघाल्यापासून रात्री नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी असते, तुला चालेल ना, का तुम्हा पुण्याच्या लोकांना रोज मासे लागतात? ट्रॅव्हलरसाठी पाकिटं आणायची नाहीत असं जावेला कळवलंय, तिने केकवर तडजोड मागितली आहे. मामींसाठी इथून नाचणीचं पीठ नेऊ का?

हर्णैची_लेक

अजिबात नको. दापोलीच्या बाजारात ताजं दळलेलं मिळतं. न्यायचंच असेल तर मामींना चांगली ज्वारी न्या, आमच्याकडे ती पिकत नाही. आणि चौदा माणसांच्या भाकऱ्या एकट्या मामींना थापायला लावू नका, तुम्ही आणि जाऊबाई चुलीपाशी बसा.